भाऊजींची वायर

आमच्या घरी दोन गोष्टींपुढे कुणाचं काही चालत नसे. एक, स्वयंपाकघरात आईचा शब्द. आणि दुसरी, घरभर बाबांचा कान. आईच्या शब्दाविरुद्ध निदान कुरकुर तरी करता यायची. बाबांच्या कानापुढे तीही सोय नव्हती.

बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण लोक त्यांना ओळखायचे ते पेटीवाले मास्तर म्हणून. पेटी म्हणजे हार्मोनियम. काटोलहून, मौद्याहून भजनी मंडळांची माणसं एस.टी.च्या टपावर पेटी चढवून आमच्याकडे यायची. नागपुरात हुडकेश्वरच्या बाजूला तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त. त्यात आमच्या तीन खोल्या शोधायच्या म्हणजे पाहुण्याची परीक्षाच होती. पण वाटेत कुणालाही पेटीवाले मास्तर म्हटलं की तो दारात आणून सोडायचा. बाबा डोळे मिटून एकेक सूर दाबायचे, बिघडलेला सापडला की त्याची पितळी पात बाहेर काढायचे, कानशीने दोनदा हलकेच घासायचे, पुन्हा बसवायचे. तोवर पेटीबरोबर आलेली मंडळी आईने केलेले पोहे खात गुपचूप बसायची.

सुराच्या बाबतीत बाबा कुणाची भीड ठेवत नसत. एका देवस्थानच्या अध्यक्षांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "हे पेटी विकून टाका आन् बकरी घ्या. निदान दूध तरी देईन." अध्यक्ष रागावून गेले आणि दुसऱ्या वर्षी नवी पेटी घेऊन परत आले, कारण जाणार कुठे?

हीच सवय त्यांनी ताईच्या पहिल्या दिवाळसणालाही सोडली नाही. ताई माझ्याहून मोठी. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, उंचपुरे, हसतमुख, बोलण्यात थोडे बढाईखोर. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं की जवाईबुवा गातात. झालं! बाबांनी पेटी पुढे ओढली आणि काळी एकचा सूर धरला. काळी एक ही बाबांची पट्टी. शाळेच्या प्रार्थनेपासून गल्लीतल्या भजनापर्यंत साऱ्यांना त्यांनी त्याच पट्टीत गायला लावलं होतं. भाऊजींनी घसा खाकरून भजन सुरू केलं. आवाज खणखणीत, पण पेटी एकीकडे आणि भाऊजी दुसरीकडे. खाली उतरायची जागा आली की आवाज घशातच बुडायचा आणि भलत्याच ठिकाणी वर निघायचा. भजन संपलं. बाबांनी भाता बंद केला आणि म्हणाले, "सूर सोडला तर बाकी सारं चांगलं आहे."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो, सोळा वर्षांचा होतो. भाऊजीही हसले. पण त्या दिवसानंतर आठ वर्षं त्यांनी आमच्या घरात साधं गुणगुणलंही नाही. ताई एकदा आईला म्हणाली होती, "घरी न्हाणीघरात गातेत ते, शेजारचे उठतेत. आखातात कंपनीच्या क्याम्पात दर शुक्रवारी भजन करतेत. इथं आले का तोंडाले कुलूप." आईने हे बाबांना सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. मला मात्र सांगितलं होतं आणि मी ते विसरून गेलो होतो.

विसरायला कारण होतं. मला स्वतःलाच बाबांच्या तोंडून एक 'चांगलं' हवं होतं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि फावल्या वेळात स्टिरिओ बनवत होतो. सीताबर्डीच्या गल्ल्यांतून एकेक सुटा भाग आणायचा, आईच्या पोळपाटावर ठेवून कथलाचा डाग द्यायचा आणि आईची बोलणी खायची, असा तो उद्योग. स्पीकरचे खोके सुताराकडून सागवानाचे करून घेतले. आतून फोम लावतात असं पुस्तकात होतं. फोम कुठून आणणार? मामाच्या शेतातला कापूस भरला. अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा बाबा दारातूनच म्हणाले, "तुह्या डब्यात भुंगा आहे." होताच. बारीक घूंऽऽ असा आवाज पाठीमागे सतत. तो घालवायला मला सहा महिने लागले. शेवटी एका सकाळी बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "भुंगा गेला." बस, एवढंच. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. बी.ए. झालो तेव्हाही पाजला नव्हता.

आणि अशा माझ्या स्टिरिओत भाऊजी नाक खुपसायला आले. निदान मला तसं वाटलं.

त्या वर्षी अधिक महिना ऐन मे महिन्यात आला. धोंड्याचा महिना, म्हणजे लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे. भाऊजी नेमके सुटीवर आलेले. आल्या आल्या त्यांनी बॅगेतून एक चकचकीत खोका काढला. खोक्यात वायर. बोटाएवढी जाड, काचेसारख्या आवरणातून आतलं तांबं लखलखतंय आणि टोकांना सोनेरी पिना. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत लावायची वायर!

"दुकानदारानं सांगतलं," भाऊजी म्हणाले, "हे लावली का गाणारा समोर येऊन बसते."

"येऊ द्या ना," आई म्हणाली. "पण त्यालेही जेवायले वाढा लागन का?"

मी स्पीकरच्या पुढे जाऊन उभा राहिलो, कारण माझ्या स्पीकरला जोडलेली वायर गणपतीच्या लायटिंगच्या माळेतून उरलेली होती. पिवळी, पीळ घातलेली, मधे एका ठिकाणी चिकटपट्टी. भाऊजींनी ती पाहिली आणि हसले. वाईट हसले नाहीत, पण मला झोंबलं. त्या डब्यासाठी मी दोन वर्षं घासलो आणि आवाजाचं श्रेय नेणार कोण, तर एक वायर!

"भाऊजी," मी म्हणालो, "विहिरीचं पाणी पितळी बादलीनं काढा का पत्र्याच्या डब्यानं. पाणी तेच."

"आन् डब्याले भोक असन तर?" भाऊजी म्हणाले.

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना वायर, चहाला वायर. मी म्हणायचो वीज काही वायरीचा भाव विचारून धावत नाही. भाऊजी म्हणायचे तुम्ही जग पाहिलं नाही. ताई एकदा नवऱ्याच्या बाजूने, एकदा भावाच्या बाजूने बोलायची आणि दोन्हीकडून बोलणी खायची. शेवटी शेजारचे काका, जे बाबांच्या भजनात तबला वाजवायचे, वैतागून म्हणाले, "अरे, भांडता काहून? घरात एवढा कान आहे, त्यालेच विचारा ना."

भाऊजींचा चेहरा एकदम बदलला. मी ते पाहिलं. वायर काढली तेव्हाही त्यांनी माझ्याकडे नव्हतं पाहिलं, खुर्चीतल्या बाबांकडेच पाहिलं होतं, हे मला आत्ता आठवलं. त्यांना माझ्या स्टिरिओशी काही देणंघेणं नव्हतं. आपण आणलेल्या वस्तूला मास्तरांनी एकदा चांगलं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. कळूनही मी माघार घेतली नाही, उलट चेवच आला. बाबा काय म्हणणार ते मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी परीक्षा ठरली. बाबा खुर्चीत, डोळ्यांवर त्यांचंच उपरणं बांधलेलं. एकच तबकडी मी दोनदा वाजवायची, एकदा माझ्या वायरवर आणि एकदा भाऊजींच्या. कोणती कधी, ते फक्त मला माहीत. बाबांनी सांगायचं की कोणत्या वेळी चांगलं वाजलं, की दोन्ही सारखंच. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, मधे आईची साडी पडद्यासारखी टांगलेली. आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून कूलर बंद. मे महिन्यात, नागपुरात, अकरा वाजता, कूलर बंद! पाच मिनिटांत सगळे घामाने निथळायला लागले. काका म्हणाले, "लवकर कर गा, नाहीतर निकाल ऐकायले कोणी उरणार नाही."

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पडद्यामागे वायरीचे पेच सोडायला हातात पेचकस घेऊन बसलो आणि मनात आलं, खरंच फरक पडला तर? दोन दिवस वीज आणि तांबं यांवर व्याख्यानं झोडणारा मी, पण भाऊजींची वायर लावून एकदाही ऐकलं नव्हतं. भीतीच होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग मी ठरवलं. पहिल्या वेळी गणपतीची वायर आणि दुसऱ्या वेळीही गणपतीचीच. बदलायची नाहीच. बाबा खरं तेच बोलणार, 'दोन्ही सारखंच' म्हणणार आणि भाऊजींची सोनेरी वायर पडेल उताणी.

पहिल्यांदा तबकडी वाजली. बाबा हलले नाहीत. मी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, पेचकस मागच्या पत्र्यावर थोडा खडखडवला, सुस्कारा सोडला, वायरी इकडून तिकडे सरकवल्या. पुरेसा वेळ काढून पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांदा तेच गाणं, त्याच वायरवर. साडीच्या फटीतून मला भाऊजी दिसत होते. गुडघ्यांवर हात, मान खाली, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर. पुसायचंही भान नव्हतं.

गाणं संपलं. बाबांनी उपरणं सोडलं नाही. भाऊजींच्या दिशेने मान किंचित वळवली. मग म्हणाले, "दुसऱ्या वेळचं. दुसऱ्या वेळी चांगलं वाजलं."

"दुसऱ्या वेळी कोणती होती गा?" काका ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. मी साडीच्या बाहेर तोंड काढलं. काय सांगणार? दोन्ही वेळा माझीच होती म्हणालो तर माझी लबाडी उघडी पडते, आणि नुसतं 'माझी' म्हणून जिंकायला भाऊजींच्या नाकावरचा तो थेंब आड आला.

"भाऊजींची," मी म्हणालो.

भाऊजी उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने कूलर सुरू केला आणि त्याच्यासमोर पाठ करून उभे राहिले. ताईने पदर डोळ्यांना लावला. आई म्हणाली, "चला, पानं वाढली आहेत."

मी पानावरचं पुरण नुसतं चिवडत होतो. हरलो म्हणून नाही. मला वेगळीच धास्ती लागली होती. त्याच वायरवर तेच गाणं दोनदा वाजलं आणि बाबांना फरक ऐकू आला! म्हणजे बाबांचे कान गेले. साठीला टेकलेला माणूस, होतं असं. आता काटोलच्या पेट्या कोण लावणार? त्यांना स्वतःला कळलं असेल का? कळेल तेव्हा काय होईल? भाऊजी त्या दिवशी सात धोंडे जेवले आणि मी एकावर हात धुतले. आईला वाटलं मी रुसलो. "जवाई जिंकला तर तुह्या पोटात काहून दुखते?" ती म्हणाली.

दुपारी सगळे आडवे झाले. कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझं. मी विहिरीवरून बादल्या आणत होतो आणि बाबा मागच्या अंगणात कूलरच्या वाळ्यावर तांब्याने पाणी मारत होते. मी बादली ओतली. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वायर बदललीच नाही तू."

माझ्या हातून बादली सुटली.

"डावीकडचा पेच फिरला का किर्र करते. तुले सांगून सांगून थकलो, आटे खराब झाले म्हणून. तो फिरलाच नाही. नुसता पत्रा वाजवून राहिला होता तू. मले बहिरा समजला का?"

मला इतका आनंद झाला की लाज वाटायची राहूनच गेली. "म्हणजे तुम्हाले नीट ऐकू येते!" मी म्हणालो.

"गाढवा," बाबा म्हणाले.

मग लाज वाटली. चांगलीच वाटली. मी खाली बसून बादली उगाच सरळ करत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, "मग तुम्ही दुसऱ्या वेळचं चांगलं काहून म्हटलं? तुम्ही तर कधी..."

"कधी खोटं बोललो नाही. हो." बाबा वाळ्यावर पाणी मारत राहिले. "डोळे बांधले का सारं जास्त ऐकू येते. पहिल्या वेळी कानानं सांगतलं, गाणं चालू आहे. दुसऱ्या वेळी सांगतलं, वायर तीच आहे. आन् तिसरी गोष्ट सांगतली, का जवाईबुवा श्वास रोखून बसले आहे. पूर्ण गाणं संपेपर्यंत गा! एक माणूस एवढा श्वास रोखून बसला असताना मी काय सांगाव, सारखंच आहे? आन् दुसऱ्या वेळचं म्हटलं का तू त्यायचंच नाव घेशीन, एवढा तर मी तुले वळखतो."

मी बादली उचलली.

"आठ वर्षं झाली. दिवाळसणाले मी एक वाक्य बोललो होतो. तुले आठवते?"

"आठवते," मी म्हणालो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो होतो हेही आठवलं.

"मले वाटत होतं कोणाले आठवत नसन," बाबा म्हणाले.

मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि भाऊजींचं त्याहून जास्त. बाबांनी तांब्या ठेवला. "जाय आता. सारे झोपले आहे तवर ते वायर खरंच लाव. मी बोललो ते खोटं राहू नये."

आम्ही दोघं चोरपावलांनी पुढच्या खोलीत गेलो. मी चारही पेच सोडले. डावीकडचा किर्र वाजला तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वर केली नाही. भाऊजींची वायर लावली आणि अगदी हळू आवाजात तीच तबकडी ठेवली. बाबा एका खोक्याजवळ कान नेऊन बसले, मी दुसऱ्या. आवाज स्वच्छ होता, छान होता. सकाळीही तसाच होता.

"काय फरक?" बाबांनी विचारलं.

"मले तर काही नाही वाटत."

"मलेही नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तांबं मात्र चांगलं आहे. राहू दे. आन् तोंड बंद ठेव."

ठेवलं.

संध्याकाळी आमच्या अंगणात सडा टाकून सतरंज्या घातल्या. अधिक महिनाभर रोज दिवेलागणीला भजन असायचं. काका तबला घेऊन आले, गल्लीतली दहा-बारा माणसं आली. भाऊजी नेहमीसारखे सगळ्यांत मागे, खांबाला टेकून बसले. दोन भजनं झाली. बाबांनी पेटीवरून मान वर केली.

"जवाईबुवा, आता तुम्ही म्हणा एक."

ताई टाळ वाजवायची थांबली.

"नाही जी," भाऊजी म्हणाले, "माह्या सुराचं तुमाले माहीत आहे."

बाबांची बोटं सवयीने काळी एकवर टेकली होती. ती त्यांनी उचलली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुमची पट्टी कोणती?"

"मले काय माहीत जी? कोणी विचारलंच नाही."

"तुम्ही सुरू करा," बाबा म्हणाले. "मी शोधतो."

मी बाबांना उभ्या आयुष्यात असं करताना पाहिलं नव्हतं. पेटीने सूर द्यायचा आणि माणसाने तो धरायचा, हा आमच्या घरचा कायदा होता. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि डोळे मिटून तेच भजन सुरू केलं, दिवाळसणाचं. पहिली ओळ पेटीशिवाय, एकट्या आवाजात गेली. बाबा मान तिरपी करून ऐकत होते, एखादी गावाकडची पेटी ऐकावी तसे. मग त्यांचा डावा हात भात्यावर गेला, उजव्या हाताची बोटं काळी एकवरून पुढे सरकत सरकत पांढरी चारवर थांबली, आणि पेटी भाऊजींच्या आवाजाखाली जाऊन बसली. काकांनी ठेका धरला. खाली उतरायच्या जागा आल्या आणि आवाज बुडाला नाही. अगदी सगळं सुरात होतं असं मी म्हणणार नाही. दोन जागा निसटल्याच. बाबांच्या कपाळावर आठी आली नाही.

भजन संपलं. भाऊजींनी डोळे उघडले तेव्हा ते लाल होते.

काका तबल्यावरची पावडर झटकत म्हणाले, "मास्तर, आज पट्टी काहून बदलली गा? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहून राहिलो."

"त्यायचा आवाज वरचा आहे," बाबा म्हणाले. "मीच त्यायले खाली गायले लावलं होतं. आठ वर्षांपूर्वीच विचारायले पाहिजे होतं."

कुणी हसलं नाही. भाऊजी खांबाजवळून उठले, पुढे येऊन पेटीशेजारी बसले आणि कुणी न सांगताच त्यांनी दुसरं भजन सुरू केलं. बाबा पुन्हा मान तिरपी करून सूर शोधू लागले.